माळावरची कचेरी

माघ संपत आला की आमच्या शिवारातला शाळू काढणीला येतो. माणूस उभा बुडेल एवढी उंच ज्वारी चार-सहा दिवसांत आडवी होते, पेंढ्या बांधून होतात आणि एकदम लांबलांबचं दिसायला लागतं. देवळाचा कळस दिसतो, सडकेवरून जाणारा टेम्पो दिसतो, पलीकडच्या वस्तीवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसतं. मोकळं झालेलं रान बघून सगळ्यांना बरं वाटतं. मला वाटत नाही. सत्तरी ओलांडली, घरात फरशी बसवलेले दोन-दोन संडास आहेत, नळाला पाणी आहे, तरी काढलेल्या रानाकडे बघून माझ्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की आता बायका कुठं जाणार?

आमचं वर्ष पिकाच्या उंचीवर चालायचं. भादव्यात बाजरी डोक्याच्या वर गेली की सुटलो. बाजरी निघाली की तुरीच्या ओळींवर भागवायचं, तोवर शाळू वर यायचा. शाळूही निघाला की मग फड्या निवडुंगाची कुंपणं आणि ओढ्याची कपार. पुरुष बांधावर उभे राहून कणसाबद्दल बोलायचे, बायका ताटांच्या उंचीबद्दल. पीक दोघांचंही होतं, पण आमच्या दोघांच्या नजरा वेगळ्या होत्या.

आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला नाव नव्हतं. म्हणजे नावं पुष्कळ होती, पण त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं. माझं माहेर बेलापूरचं. तिथं 'परसाकडे' म्हणत. लग्न होऊन पाथर्डीच्या बाजूच्या कोरड्या मुलखात आले तर इथं बायका 'गोदरीला' जात, म्हणजे गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी. वडील 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणायचे, आणि बाहेर म्हणजे कुठं हे विचारायची पद्धत नव्हती. भटजी बहिर्दिशेला जात. गडीमाणसं नावच घेत नसत, टमरेल उचललं की समजायचं. शाळेत नुसती करंगळी वर करायची. पुस्तकी माणसं 'शंका' म्हणत, एक लघुशंका आणि एक मोठी. मला लहानपणापासून वाटायचं, यात शंका कसली, चांगली खात्री असते.

गेल्या दिवाळीत माझी नात सई पुण्याहून आली होती. ती तिथं कॉलेजात शिकते. तिला हे सगळं सांगितलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं मोबाईल काढला आणि जगातले लोक काय काय म्हणतात ते मला वाचून दाखवलं. जपानी माणूस म्हणतो हात धुण्याची जागा. फ्रान्सातला म्हणतो छोटा कोपरा. जर्मनीतला म्हणतो शांत जागा. अमेरिकेत विश्रांतीची खोली म्हणतात, आणि इंग्रज बायका म्हणे पूर्वी नाकाला पावडर लावायला जात. सगळं जग तिथंच जातं आणि सगळं जग दुसरीकडेच निघाल्याचं सांगतं. मला मोठी मजा वाटली. आपणच तेवढे लाजाळू असं इतकी वर्षं समजत होते.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मजा जरा उतरली. त्यांच्या नावांत खोली होती, कोपरा होता, जागा होती. आमच्या नावांत नुसती दिशा. परसाकडे, बाहेर, रानात, तिकडं. भिंत कुणाच्याच नावात नव्हती, कारण भिंत नव्हतीच. आमची भिंत पेरायची असायची आणि ती दर वर्षी कापली जायची. बहात्तरच्या दुष्काळात ती उगवलीच नाही.

त्या दुष्काळाबद्दल लोक बोलतात ते धान्याबद्दल आणि गुरांबद्दल. ते खरंच आहे. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आम्हीही खाल्ल्या, बैल आम्हीही विकले. पण आमच्या बाजूला पाऊस रुसला तेव्हा बायकांचं आणखी एक गेलं आणि ते कुठं लिहिलेलं मी वाचलं नाही. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. शाळू पेरलाच नाही. बाभळी चाऱ्यासाठी ओरबाडल्या. शेवटी लोकांनी निवडुंगाचे फडे तोडले, काटे जाळले आणि तेच गुरांना घातले. कुंपणं गेली. होळीपर्यंत आमच्या शिवारात असं झालं की एक शेळी उभी राहिली तरी ती सगळ्या गावाला दिसायची.

मग गावाजवळच्या माळावर सरकारी काम निघालं. पाझर तलाव बांधायचा होता. माळ उकरून दगड काढायचे, ते रचायचे, माती वाहायची. चार-पाच गावांची माणसं कामावर होती, चारशेच्या वर. त्यात निम्म्या बायका. नांगर ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या चालला अशा घरांतल्या सुना डोक्यावर पाट्या घेऊन ओळीनं चालत होत्या. त्यांच्यात मीही होते. जुनी अकरावी झालेली, लग्नाला वर्ष न झालेली, हातांना फोड आलेली. माझ्या पुढं नेहमी माझ्या मोठ्या जाऊबाई असत, सोजराक्का. त्यांच्या पाठीकडे बघत मी ते काम शिकले.

अक्का तेव्हा अठ्ठावीस-तीसच्या असतील. अंगानं बारीक, बोलायला फटकळ, आणि दगड ओळखण्यात पुरुषांना मागं टाकणाऱ्या. त्यांचे वडील शेताच्या ताली रचायचे. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून मातीगाऱ्याशिवाय नुसत्या दगडांचा जो बांध घालतात त्याला आमच्याकडे ताल म्हणतात. अक्का पोरवयात वडिलांना दगड उचलून द्यायच्या. कुठला दगड कुठं बसेल हे त्यांना नुसत्या हातात घेऊन कळायचं. माझा रचलेला ढीग दोनदा ढासळला तेव्हा म्हणाल्या, "इंदे, दगडाला बी तोंड असतंय. त्याचं तोंड आत कर, पाठ भाईर कर. मग बसतंय गुमान."

माळावर सकाळी आठला गेलं की दिवस मावळताना परत. दहा तास. पुरुष कुठल्याही मातीच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहायचे आणि मोकळे व्हायचे. बायकांना ढीग पुरत नव्हता. सुरुवातीला आम्ही रिंगण करायचो. चार-पाच जणी पाठ आत करून उभ्या राहायच्या, पदर पसरायच्या, आणि मधे एक जण. पण एकीच्या कामाला पाच जणी जातात हे किसन मुकादमाच्या डोळ्यांवर आलं. किसन आमच्याच गावचा, मनाचा वाईट नव्हता, पण शिट्टी गळ्यात पडल्यापासून त्याचा आवाज बदलला होता. एके दिवशी ओरडला, "आरं, हे काय चाललंय? एकीसाठी पाच पाच? काम कोन करनार? जायचं तर एकीनं जायचं." एकीनं जायचं तर कुठं जायचं हे त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला विचारणार कोण?

मग बायकांनी उपाय काढला. दुष्काळात आम्ही सगळ्याच गोष्टींवर उपाय काढले होते, त्यातलाच हा एक. पाणी प्यायचं नाही.

हे वाचायला सोपं आहे. चैत्राचं ऊन, तापलेला दगड, डोक्यावर पाटी. पाण्याचं पिंप सावलीला ठेवलेलं, पुरुष त्याच्यावर तांब्या आपटत पाणी पितायत आणि बायका पलीकडून जातायत. घरून निघताना दोन घोट घ्यायचे, ते घरी परतेपर्यंत. तोंड सुकू नये म्हणून जिभेखाली गारगोटीचा एक गुळगुळीत खडा ठेवायचा. अक्कांनी मलाही एक शोधून दिला होता. तो इतकी वर्षं माझ्या डब्यात होता, घर बदलताना कुठं गेला कळलं नाही. तोंडात खडा असला की बोलता येत नाही, म्हणून दुपारी बायकांची बाजू अगदी गप्प असायची. ओव्हरसियर साहेबांनी एकदा मुकादमाला म्हटलं होतं, "तुझ्या बायका शिस्तीच्या आहेत." किसननं ते आम्हाला कौतुकानं सांगितलं होतं.

चैत्र संपता संपता अक्कांना उन्हाळी लागली. लघवीला आग व्हायची. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, धन्याला तर नाहीच. मला कळलं ते मोरीच्या दाराशी. आतून त्यांचा दात खाल्ल्याचा आवाज आला आणि बाहेर येऊन त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई, उन्हाचं हाय." चार दिवसांनी भर कामावर डोक्यावरच्या पाटीसकट खाली बसल्या. अंग भाजत होतं. टँकरबरोबर आठवड्याला एक नर्सबाई यायच्या, त्या नेमक्या त्या दिवशी होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "पाणी पोटात जात नाही म्हणून हे झालंय. असंच चाललं तर मूत्रपिंडाला लागेल, मग नगरला न्यावं लागेल आणि तिथंही काय होईल सांगता येत नाही. त्यांना दिवसातून चार-पाच तांबे पाणी पाजा."

मी जाऊन अक्कांना सांगितलं. त्या कामावर सावलीसाठी घातलेल्या मांडवात आडव्या पडल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "पानी पेईन गं. पेऊन जाऊ कुठं?"

त्यांना दोन लेकरं होती, धाकटी अजून रांगत होती. मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणावर ते समजेना, म्हणून तो जास्तच आला.

बायका म्हणाल्या, "इंदे, तू शिकल्याली हायेस. लिव सायबाला." तर मी अर्ज लिहायला बसले. आयुष्यात शाळेबाहेर लिहिलेली ती माझी पहिली गोष्ट. अकरावीला मराठीत मला चांगले गुण होते, निबंधाला शाबासकी मिळाली होती. आणि कागद पुढं घेऊन मी तास-दीड तास बसून राहिले. परसाकडे लिहू? माळाला परस कुठलं? बाहेर लिहू? आम्ही दहा तास बाहेरच तर होतो. गोदरी लिहावं तर साहेब पुण्याकडचे, आणि परक्या पुरुषाला हा शब्द लिहायचा म्हटल्यावर माझा हात उठेना. एवढी नावं येत होती मला, पण कामाला एकही येईना. शेवटी लिहिलं, 'कामावरील स्त्रियांची फार गैरसोय होत आहे, तरी कृपा करून त्यांची सोय व्हावी ही नम्र विनंती.' खाली आमच्या गँगमधल्या सव्वीस जणींचे अंगठे उठवले. अक्षर वळणदार काढलं.

साहेबांनी तो वाचला. वयानं तरुण, चष्मेवाले, स्वभावानं सरळ माणूस. विचारलं, "कसली गैरसोय?" मी खाली बघितलं. माझ्यामागच्या सव्वीस जणींनी खाली बघितलं. साहेबांनीही जरा वेळ खाली बघितलं आणि "बरं, बघतो," म्हणाले.

आणि त्यांनी खरंच बघितलं. तिसऱ्या दिवशी बायकांच्या बाजूला पाण्याचं आणखी एक पिंप आलं. नवंकोरं, हिरव्या रंगाचं, वर झाकण, झाकणाला साखळीनं बांधलेला तांब्या. किसन मुकादम म्हणाला, "घ्या, झाली तुमची सोय. आता तक्रार नको."

आज मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथं सगळे हसतात. आम्ही तेव्हा हसलो नाही. चारशे माणसांच्या त्या उघड्या माळावर पाणी न पिणाऱ्या बायका त्या हिरव्या पिंपाभोवती उभ्या होत्या आणि माझा वळणदार अर्ज मला आतून खात होता. हसल्या त्या फक्त अक्का. ताप अंगात असताना कामावर आल्या होत्या, कारण हजेरीच्या मस्टरवरून नाव गेलं तर परत लागत नसे. पिंपाकडे बघितलं, झाकण उघडून आत बघितलं आणि पोट धरून हसायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "इंदे, तुझ्या सायबाला कागुद कळला न्हाई. ऱ्हाऊ दे. कागुद काय करायचा? दगुड हायेत की लागंल तेवढं."

आमच्या कामाची एक रीत होती. उकरलेले दगड तसेच टाकायचे नाहीत, त्यांचे चौकोनी चट्टे रचायचे. आठवड्यानं साहेब यायचे, चट्ट्याची लांबी-रुंदी-उंची टेपनं मापायचे आणि त्यावर गँगचं काम ठरायचं. त्यामुळं माळावर जिकडं तिकडं दगडांचे चट्टे उभे राहताना दिसत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. अक्कांनी बायकांच्या बाजूला, जरा लांब, एक जागा पायानं आखली. माझ्या हिशेबानं दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद. मला म्हणाल्या, "हितं आपला चट्टा."

दुपारी तासाभराची सुट्टी असायची. त्यात सरकारकडून सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, मिळायची, ती खाऊन लोक पडायचे. त्या दिवशी बायका पडल्या नाहीत. सुकडी पदरात बांधून एकेक जण दोन-दोन दगड घेऊन निघाली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, निदान मी तरी ऐकलं नाही. अक्का मधे उकिडव्या बसल्या होत्या. दगड हातात घेत, फिरवून बघत, ठेवत. काही परत देत. "ह्ये न्हाई, चपटा आन." ताप होता, कपाळावर ओली चिंधी बांधली होती, पण हात सुरेख चालत होते. दोन दिवसांत कमरेपर्यंत आलं. चौथ्या दिवशी डोक्याच्या जरा वर. मधे पोकळ. एका कोपऱ्यात आत शिरायला वाट, आणि त्या वाटेपुढं आणखी एक आडवी भिंत, म्हणजे समोरून आतलं काही दिसू नये. दार नव्हतं. शनीच्या शिंगणापूरला घरांना दारं नसतात आणि कुणाचं काही जात नाही, तर आम्हाला कशाला हवं असं कुणीतरी म्हणालं. आत खड्डा खणला, बाजूला राखेचं घमेलं ठेवलं.

किसन मुकादम दुपारचा झोपेत असायचा. उठून बघायचा तर बायकांचा चट्टा वाढलेला. तो खूष. त्याच्या मनात काय आलं ते त्यानंच नंतर सांगितलं. त्याला वाटलं, नव्या पिंपाचा गुण आहे, बाया सुट्टीतही काम करायला लागल्या. शनिवारी साहेब मापाला आले तेव्हा तोच त्यांना छाती काढून पुढं घेऊन आला. "बगा सायेब, असा चट्टा अख्ख्या माळावर न्हाई!"

साहेबांनी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. लांबी घेतली. रुंदी घेतली. समाधानानं मान हलवली. मग उंची घ्यायला चौथ्या कोपऱ्याकडे वळले आणि वाट दिसली. त्यांनी आत डोकावलं आणि पाय भाजल्यासारखे मागं सरले.

"हे काय आहे? हा चट्टा पोकळ आहे!"

किसननं हातातलं टेपचं टोक सोडून दिलं. आसपासची माणसं काम सोडून जमायला लागली. साहेब चिडले होते. त्यांचंही चूक नव्हतं, पोकळ चट्टे रचून माप वाढवायची चलाखी कुठं कुठं चालत असे. "सरकारी दगड आहे हा. मुकादम, आत्ताच्या आत्ता पाडून टाका हे. कुणी रचलं?"

माझ्या तोंडात खडा होता. तो मी मुठीत काढून घेतला आणि बोलणार होते. काय बोलणार होते देव जाणे, कारण शब्द माझ्याकडे त्या दिवशीही नव्हता. पण तोवर अक्का पुढं झाल्या होत्या. वाटेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी रचलंय सायेब."

"कशासाठी?"

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंदे, त्या पिंपातलं पानी आन. तांब्या भरून आन."

मी पळाले. साखळीला बांधलेला तांब्या सुटेना, शेजारी कुणाचं तरी ओंजळीएवढं भांडं होतं, पण ते नको वाटलं. मी साखळीच तोडली. काठोकाठ भरलेला तांब्या अक्कांच्या हातात दिला. त्यांनी साहेबांच्या समोर, किसनच्या समोर, जमलेल्या सगळ्या माळासमोर तो तोंडाला लावला. पुरुषांसमोर बाई असं पाणी पीत नसे आमच्याकडे, वळून पदराआड पीत असे. त्या वळल्या नाहीत. घटाघटा प्यायल्या. घशाची हालचाल दिसत होती. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडत होतं, ते पुसलं नाही. तांब्या रिकामा केला, उलटा करून झटकला आणि माझ्याकडे देत म्हणाल्या, "आनखी एक." दुसराही प्यायल्या. किती दिवसांची तहान होती ती कुणास ठाऊक.

मी साहेबांकडे बघत होते. त्यांची नजर त्या तांब्यावरून हिरव्या पिंपाकडे गेली, तिथून सगळ्या उघड्या माळावर फिरली, आम्हा सगळ्याजणींवरून फिरली आणि त्या दगडांवर येऊन थांबली. त्यांनी चष्मा काढला. त्या क्षणी त्यांना माझा अर्ज वाचता आला.

अक्का म्हणाल्या, "तुमी पानी धाडलंत, लई उपकार झालं. आता ते पेयाचं तर ह्ये लागतंय." आणि पाठ फिरवून, मान वर करून, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत आत गेल्या.

बायका अंधार बघून जात, कुणी बघत नाही ना बघून जात, जाताना दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखं दाखवत. आमच्या मुलखात बाई अशी उजळ माथ्यानं गेलेली त्याआधी कुणी पाहिली नसेल. आणि एक सांगते, एकही पुरुष हसला नाही. आमचे मोठे दीर, अक्कांचे मालक, तिथंच होते. त्यांनी पहिली पाठ फिरवली. मग बाकीच्यांनी फिरवली. शेवटी साहेबांनीही. दोनशे पुरुष पलीकडच्या डोंगराकडे बघत उभे होते आणि आम्ही बायका त्यांच्या पाठींकडे बघत होतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ समारंभ पाहिले, हार-तुरे पाहिले, शिक्षिका म्हणून निवृत्त होताना माझाही सत्कार झाला. त्या दुपारइतका मान मला कधी मिळाला नाही.

अक्का बाहेर आल्या. पदर खांद्यावर नीट घेतला आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, उभ्या काय ऱ्हायल्यात? कामाला लागा."

साहेब टेप गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर किसनला एवढंच म्हणाले, "त्या टोकाच्या गँगजवळही असंच एक करून घ्या. आणि ह्याची उंची अजून एक हात वाढवा." वाढवली ती पुरुषांनी, सोमवारी सकाळी, आम्ही पोचायच्या आत.

आता तिथं जायचं म्हणजे काय म्हणायचं हा प्रश्न आला. माळावर साहेबांची राहुटी होती, तिला सगळे कचेरी म्हणत. दुसरं काही चार बाजूंनी बंद असलेलं त्या माळावर नव्हतंच. अक्का म्हणाल्या, "सायबाला कचेरी हाय, आपल्याला बी हाय." तेव्हापासून 'कचेरीत जाऊन येते'. आठवड्याभरात पुरुषांच्याही तोंडी बसलं. शिट्टी वाजवून "दोघी कुठं गेल्या?" असं विचारणाऱ्या किसनला दुसरा पुरुष सांगायचा, "कचेरीत गेल्यात, येतील," आणि किसन मान डोलवायचा. त्या नावात दिशा नव्हती. भिंत होती. आणि बायकांची बाजू बोलायला लागली, कारण तोंडातले खडे गेले होते. दुपारी इतका गलका व्हायचा की मापाला आलेल्या साहेबांनाही राहुटीतून बाहेर यावं लागायचं. वैशाख संपायच्या आत अक्कांचा ताप उतरला, आग थांबली. हिरवं पिंप दिवसाला दोनदा भरावं लागे.

पुढं तलाव झाला. मीही पुढं शिकले, शाळेवर लागले. ज्या ज्या गावी बदली झाली तिथं वर्गाच्या आधी मी एकच गोष्ट बघितली, मुली कुठं जातात. नसेल तर सरपंचापासून वरपर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं, आणि अर्ज लिहिले ते असे की कुणाला चष्मा काढावा लागला नाही. मुलींसाठी संडास हवा, दार हवं, आतून कडी हवी, पाणी हवं. बाई फार उघड लिहितात असं एका साहेबांनी म्हटल्याचं कानावर आलं होतं. मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं.

परवा शाळू निघाला त्याच दिवशी दुपारी सई आली. पुण्याहून एसटीनं, पाच तास. पिशवीत पाण्याची निळी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, जशीच्या तशी. मी विचारलं तर म्हणाली, "अगं आजी, प्यायले नाही. वाटेत स्टँडवरची वॉशरूम्स बघवत नाहीत. कॉलेजलाही मी घरी येईपर्यंत पीत नाही. सगळ्याच मुली नाही पीत."

ती ते अगदी सहज बोलली. मी ती भरलेली बाटली हातात घेतली. मी काही बोलायच्या आत ओट्यावरून खाकरल्याचा आवाज आला. अक्का तिथं बसल्या होत्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत, कानानं कमी ऐकतात, पण नेमकं ऐकायचं ते ऐकतात. काठी टेकत उठल्या, माठाजवळ गेल्या, तांब्या काठोकाठ भरला. मदत घेतली नाही. पाणी फरशीवर सांडत होतं. तो तांब्या त्यांनी सईच्या पुढं धरला.

"पी पोरी. आपली कचेरी हितंच हाय." मग तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "आन तुमच्या कालिजात न्हाई म्हनतीस? तितं दगुड तरी हायेत का न्हाईत?"

सईला माळाची ही गोष्ट मी तोवर सांगितली नव्हती. ती काही न कळून माझ्याकडे बघत राहिली. पण तांब्या तिनं घेतला, तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्या घशाकडे बघत उभ्या होत्या.

"आणखी एक," सई म्हणाली.